गच्चीवरची शेगडी: उन्हाळी मेनूच्या प्रकल्प नोंदी, इंदूर

८ एप्रिल २०२४, सोमवार

मल्टीच्या, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या, मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण आटोपल्यावर एकच ठराव एकमतानं पास झाला: उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटवायची आणि दर खेपेला वेगळ्या मुलखाची चव करायची. माणशी २५० रुपये, लहान मुलांचे निम्मे. कोळसा, विस्तव आणि मांसाहारी बाजू माझ्याकडे. शाकाहारी बाजू आणि हिशेब वहिनींकडे, कारण माझ्याकडे दिलेला हिशेब पुन्हा सापडत नाही असं त्यांचं म्हणणं. तीसेक पानं धरायची.

चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात विस्तवापाशी उभं राहायचं हे खूळ नागपूरच्या नातेवाइकांना पटत नाही. तिकडे राहत असतो तर मलाही सुचलं नसतं. माळव्याचं पठार साडेपाचशे मीटर उंच. दिवसा कितीही तापलं तरी ऊन उतरलं की वारा सुटतो, आणि आठनंतर गच्चीवर सतरंजी टाकून बसावंसं वाटतं. शब-ए-मालवा, माळव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत. इथल्या सराफा बाजारात मध्यरात्री लोक भुट्ट्याचा कीस खात उभे असतात ते याच हवेच्या जिवावर.

९ एप्रिल, गुढीपाडवा

श्रीखंड-पुरी अंगावर आली असताना कालनिर्णय उघडून बसलो. शनिवार आधीच बाद, आमच्याकडच्या निम्म्या मराठी घरांत शनिवारी चिकन-मटण शिजत नाही. रविवार पाहिले. १४ एप्रिल चैत्री नवरात्रात येतो, तेव्हा तो फक्त शेगडी पारखायला. २१ एप्रिल महावीर जयंती, त्या दिवशी मांसविक्री बंद आणि मल्टीत जैनांची घरं. २८ एप्रिल आणि ५ मे मोकळे. १२ मे मोकळा, पण दुसऱ्याच दिवशी इंदुरात लोकसभेचं मतदान. १९ मे मोहिनी एकादशी. २६ मे संकष्टी, चंद्रोदय रात्री उशिरा. तो सोडलाच.

म्हणजे पाचांतले दोन रविवार मांसाहाराशिवाय काढायचे. परदेशी ग्रिलच्या बहुतेक याद्या मांसापासून सुरू होतात आणि भाज्यांना कोपऱ्यात बसवतात. आपल्याला उलट्या टोकानं सुरुवात करावी लागणार. मला ते आवडलं. चिकन कुणालाही जमतं, भोपळी मिरचीला भाव आणून दाखवणं अवघड.

११ एप्रिल

वेल्डरकडे गेलो. दोनशे लिटरचा ड्रम लांबीत चिरून दोन अर्ध्या पन्हाळी करायच्या, एकीला अँगलचे पाय, दुसरी बिजागरीनं झाकण म्हणून. "पानी की टंकी बनानी है क्या भिया?" शेगडी म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला, मग त्यानंच बाजूला राख काढायची खिडकी सुचवली. ड्रम खाद्यतेलाचा घेतला, केमिकलचा फुकट मिळाला तरी नको. आतला रंग आधी एक मोठा जाळ करून पूर्ण जाळून टाकायचा. जाळी साध्या लोखंडी सळ्यांची. गॅल्व्हनाइज्ड जाळी स्वस्त पडते, पण तापली की जस्ताचा धूर सोडते.

जाळ्या दोन. एकीच्या कडेला तांब्याची तार गुंडाळून घेतली: ती शाकाहारी. चिमटे आणि ब्रश यांनाही तीच खूण. निखारा ते जाळी अंतर १५ सेंटिमीटर. पायांखाली विटा आणि वाळूचा थर, नाहीतर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून पुढची मीटिंग आपल्यावरच भरायची.

जमैकात रस्त्याकडेला जर्क चिकन (तिखट मसाला लावून भाजलेलं) ज्यावर भाजतात ती भट्टीसुद्धा असाच चिरलेला ड्रम असते, दुसऱ्या अर्ध्याचं झाकण लावलेला. दक्षिण आफ्रिकेतही ब्राईला, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजायच्या बैठकीला, असे ड्रम सर्रास वापरतात. जगभरच्या वेल्डरांना हे स्वतंत्रपणे सुचलेलं असणार.

१४ एप्रिल, रविवार

चाचणी. फक्त भाज्या. गच्चीचा पूर्वेकडचा अर्धा भाग वाळवणानं व्यापलेला: तळमजल्यावरच्या काकूंच्या कुरडया, वहिनींचे साबुदाण्याचे पापड, कुणाचे तरी सांडगे. धूर तिकडे जाता कामा नये, ही पहिली अट. दुपारचा वारा पश्चिमेचा, म्हणजे धूर नेमका कुरडयांवर. तोडगा असा निघाला की शेगडी पूर्वेच्या कठड्याला लावायची आणि शेगडीच्या दिवशी वाळवण चारला उचलायचं. काकूंनी मान्य केलं, बदल्यात शेवटच्या निखाऱ्यावर त्यांचे पापड भाजून द्यायचे.

कोळसा पेटवायला रॉकेल अजिबात नको, त्याचा वास पहिल्या तासभर अन्नाला लागतो. तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, तळाला आणि खालच्या कडेला खिळ्यानं भोकं पाडली, खाली चुरगळलेली वर्तमानपत्रं, वर लाकडी कोळसा. तळाशी काडी लावली की हवा खालून वर ओढली जाते. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर राखेची पांढरी साय धरते, मग डबा उलटा करून कोळसा ड्रममध्ये ओतायचा. तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा. तिथे निखारा नाही, म्हणजे ज्याला जास्त आच लागली त्याला सरकवायला जागा.

आच मोजायला हात पुरतो. जाळीच्या उंचीवर तळवा धरायचा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर कडक, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, सात-आठ टिकला तर मंद. आजची नोंद: ओतल्याबरोबर तळवा दोनच सेकंद टिकला, पाऊण तासानं पाच, दीड तासानं आठच्या पुढे. पुढे राखेत ऊब राहते ती आणखी तासभर.

आणि इथेच मेनूचा गुंता सुटला. आम्ही दोघं गेला आठवडा देशांच्या याद्या करत होतो: या रविवारी जपान, त्या रविवारी मेक्सिको. पण एका देशाचे चार पदार्थ घेतले तर चारही एकाच वेळी कडक आच मागतात आणि उरलेला निखारा वाया जातो. म्हणून आता मेनू लावायचा तो निखाऱ्याच्या वयावरून. ज्वाळा असताना ज्याची साल जाळायची ते: वांगं, भोपळी मिरची, टोमॅटो. कडक निखाऱ्यावर काडीला लावलेले बारीक तुकडे, ज्यांचं काम काही मिनिटांत होतं. आच मध्यम झाली की हाडासकट चिकन, मका, पनीर, अननस. आणि राखेत रताळं, अख्खा कांदा, बटाटा, बाफले. प्रत्येक मुलखाकडे यातलं काही ना काही आहे. आपण फक्त जो ज्या वयाला शोभतो त्याला तिथे बसवायचं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे आपण स्वयंपाकघरात रोजच करतो. भाकरी झाल्यावर त्याच चुलीत वांगं घालत नव्हतो का?" बरोबर. फक्त गॅस आल्यापासून आचेला वय राहिलेलं नाही, नॉब फिरवला की ती पुन्हा तरुण.

१७ एप्रिल, रामनवमी

खरेदी. सियागंजात तीळ, जायफळ, सुक्या मिरच्या, शेंगदाणे. चोइथराम मंडीत सकाळी लवकर: भोपळी मिरची, अननस, कैऱ्या, लिंबं. गावठी भुट्टा पावसाळ्याशिवाय नाही, तोवर पिवळा अमेरिकन मका. तो गोड असतो आणि लवकर जळतो, त्यामुळे त्याची जागा मध्यम आचेवर.

ओरेगॅनो विकत घ्यावा लागला नाही. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या मल्टीतून गोळा केल्या तर वाटी भरली. त्यात मीठ आणि इतर पाला मिसळलेला असतो, हे धरून मीठ कमी टाकायचं.

हलूमीचा विचार केला. सायप्रसचं हे चीज जाळीवर धरलं तरी वितळत नाही, कारण दुधाचा घट्ट धरलेला गोळा त्याच्याच निवळीत गरम करून शिजवलेला असतो. युरोपीय संघानं २०२१ मध्ये ते नाव सायप्रससाठी राखून ठेवलं. इथे ते महाग आणि मिळण्याची खात्री नाही. पनीरही वितळत नाही, तापल्या दुधात आंबट घालून फाडलेलं असल्यामुळे. फरक खारटपणाचा आणि चिवटपणाचा. म्हणून पनीरचे बोटभर जाड तुकडे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून त्यात दोन तास बुडवायचे, मग पुसून कोरडे करायचे. कोरडे केले नाहीत तर जाळीला चिकटतात.

२१ एप्रिल, रविवार, महावीर जयंती

कांदा, लसूण, बटाटा, आलं, वांगं, मध सगळं बाद. शिवाय दोन घरं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि सूर्यास्त ६.५० च्या सुमारास. म्हणजे पावणेपाचला विस्तव पेटला पाहिजे. उन्हात. दोन काठ्यांना जुनी चादर बांधून सावली केली आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळून उभा राहिलो.

पहिली गोष्ट, न वापरलेल्या जाळीवर: मेक्सिकोचा मका. तिकडे भाजलेल्या कणसाला मेयोनीज फासून खारं कोतिहा चीज, तिखट आणि लिंबू लावतात. आम्ही मेयोनीजऐवजी चक्का घेतला. कणीस तांबूस डाग पडेपर्यंत फिरवायचं, उतरवल्याबरोबर ब्रशनं चक्का लावायचा. गरम दाण्यांवर तो किंचित पातळ होऊन फटींमध्ये उतरतो. मग ताटात पसरलेल्या, मीठ लावून कुस्करलेल्या पनीरवर कणीस लोळवायचं. पनीर चक्क्याला धरून बसतं. वर लाल तिखट, लिंबू. मुलांनी कोपरापर्यंत हात भरवले.

खारवलेलं पनीर पुदिना आणि लिंबाबरोबर. त्याच्या जोडीला जॉर्जियाच्या त्केमालीच्या धर्तीवर चटणी: तिकडे आंबट आलुबुखार शिजवून त्यात कोथिंबीर, शेपू आणि लसूण घालतात. आपल्याकडे एप्रिलात आंबट फळाची काय वाण! कैऱ्या ज्वाळांवर काळ्या होईपर्यंत भाजल्या, गर काढला, कोथिंबीर, शेपू, हिरवी मिरची आणि लसणाच्या जागी हिंगाची चिमूट. ही चटणी इतकी जमली की आजच्या संध्याकाळचं नाव तिच्यावर ठेवावं.

सव्वासहाला पहिली पानं मांडली. दुसऱ्या मजल्यावरचे भाईसाब जेवून उठताना म्हणाले, "पहली बार है भिया, कि पार्टी में सबसे पहले हमारी प्लेट लगी।" सात वाजता बाकीचे आले तेव्हा निखारा मध्यम झाला होता. अननस, वर मिरपूड आणि जायफळ. अननसातली साखर कडक आचेवर काळी पडते, मध्यमवर सोनेरी होते.

निष्कर्ष: कांदा-लसूण नसल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. जळक्या सालीचा आणि आंबटाचा वाटा मोठा असतो.

२७ एप्रिल, शनिवार, संकष्टी

उद्याची तयारी आज, आणि चव बघणाऱ्या वहिनींना चंद्रोदयापर्यंत उपास. "मीठ मी वासावर सांगते," म्हणाल्या. आणि सांगितलं खरं.

मुरवणाचं वेळापत्रक महत्त्वाचं. ग्रीक सुव्लाकीला, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांना, तेल, लसूण, ओरेगॅनो आणि लिंबू. पहिल्या तिघांबरोबर चिकन रात्रभर राहिलं तरी हरकत नाही, पण लिंबाचा रस फार तर दोन तास. त्याहून जास्त ठेवलं तर आम्लानं वरचा थर शिजल्यासारखा पांढरा आणि भुसभुशीत होतो. दह्याचं आम्ल सौम्य, ते रात्रभर चालतं. कच्ची पपई आणि अननस यांतली पाचकं त्याहून जोरकस, तासाभरातच काम करतात आणि थांबत नाहीत. त्यामुळे उद्या चारला लिंबू पिळायचं.

चिकन मांडीचं, बिनहाडाचं, अडीच सेंटिमीटरचे तुकडे. छातीचं मांस काडीवर कोरडं पडतं, हा माझा आग्रह आहे आणि त्यावर चर्चा नको. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात.

२८ एप्रिल, रविवार

पूर्व भूमध्य. ज्वाळांत आधी वांगी. साल कोळशासारखी होऊन वांगं बसलं पाहिजे, तेव्हाच आत धूर शिरतो. गर चाळणीत निथळवून, हलके भाजून वाटलेले तीळ, लिंबू, लसूण, थोडं दही: लेबनॉन-सीरियाकडचं मुतब्बल. आई चाखून म्हणाली, "भरीतच की. फोडणी राहिली तुमची." शेवटी एका वाटीवर हिंग-मोहरीची फोडणी ओतून दिली, तीच वाटी आधी संपली.

झात्झिकी या ग्रीक कोशिंबिरीसाठी काकडी किसून, मीठ लावून, कचकचून पिळून घेतली, मग चक्का, लसूण, शेपू. शेपू म्हटल्यावर नाक मुरडणारी जी मंडळी मूगडाळ घातलेल्या भाजीला हात लावत नाहीत, त्यांनी झात्झिकी दोनदा घेतली. त्यांना आत काय होतं ते जेवण झाल्यावर सांगितलं.

सुव्लाकी कडक आचेवर, दर दोन मिनिटांनी वळवून. आतलं तापमान ७४ अंश झालं की खाली. काट्याचा थर्मामीटर या वेळी पहिल्यांदा वापरला आणि आता त्याच्याशिवाय चिकन काढणार नाही. बाहेरून तांबूस दिसणं ही काही खात्री नव्हे.

तुर्कस्तानच्या अदाना कबाबाला खिमा लागतो, चरबीसकट, आणि रुंद चपट्या सळ्या. गोल सळईवर खिमा नुसताच फिरतो, सळई वळली तरी कबाब जागच्या जागी. खिम्यात मीठ घालून तो हाताला चिकटेपर्यंत मळायचा आणि सळईवर थापेपर्यंत गार ठेवायचा. मीठ आणि मळणं यांनी मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना धरतात, म्हणून अंडं किंवा बेसन घालावं लागत नाही. चपट्या सळ्या वेल्डरकडूनच. तो स्वतःही आला होता, पान लावून दिलं.

१ मे

हिशेब बरोबर बसतोय असं वहिनी म्हणतात. कोळसा एका संध्याकाळी पाच-सहा किलो. सगळ्यात जास्त खर्च लिंबांचा, मे महिन्यात लिंबू म्हणजे दागिना.

४ मे, शनिवार

गवती चहाची कुंडी आईची. दक्षिण-पूर्व आशियात सातेला (काडीवर भाजलेल्या मांसाच्या पट्ट्यांना) जो लेमनग्रास घालतात तो हाच, पण ते पात घेत नाहीत, बुडाचा पांढरा जाड दांडा घेतात. आपल्या कुंडीतले दांडे बारीक असतात, म्हणून मूठभर लागले. आई म्हणाली, "सगळा उपटू नका, उद्याच्या चहाला ठेवा." बुडं माझी, पाती तिची अशी वाटणी झाली.

दांडे, आलं, लसूण, धणे, हळद, मिरची पाट्यावर वाटून घेतलं. मिक्सरमध्ये दांड्याचे तंतू तसेच राहतात. चिकनच्या लांब पट्ट्या त्यात मुरवल्या, वर थोडं नारळाचं दूध.

दुसरीकडे जपानची याकितोरी, काडीवर भाजलेलं चिकन. त्याला लावायचा तारे नावाचा सॉस: सोया सॉस, साखर, मिरीन, साके (दोन्ही तांदळाची मद्यं). मिरीन-साके वगळले, सोया सॉसमध्ये गूळ आणि आल्याचे काप घालून निम्मं होईपर्यंत आटवलं. गुळाचा रंग छान येतो. खऱ्या याकितोरीला बिंचोतान नावाचा, ओकच्या लाकडाचा कडक कोळसा लागतो, तो वाकायामाकडे बनतो आणि जवळजवळ बिनधुराचा असतो. आपला बाभळीचा कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो. चालवून घ्यायचं.

५ मे, रविवार

दुपारपासून वाऱ्यानं कहर केला. कोळसा डब्यातच इतका भडकला की बारा मिनिटांत तयार. ड्रमच्या पश्चिमेला पत्र्याचे दोन जुने फलक तारेनं बांधले, वाळूची बादली शेजारी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला फक्त ठिणग्यांवर नजर ठेवायचं काम. शेजारच्या गच्चीवरच्या चादरी त्यांनाच फोन करून काढायला लावल्या.

वाऱ्यात निखाऱ्याचं वय झपाट्यानं सरतं. म्हणून क्रम आवळला: साते आणि याकितोरी दोन्ही पहिल्या पंधरा मिनिटांत, मका नंतर. साते लावताना एका एकाग्र गृहस्थानं तारे आधीच फासायला घेतला, त्याला थांबवलं. साखर असलेलं काहीही शेवटच्या दोन मिनिटांत. आधी लावलं की बाहेर कोळसा आणि आत कच्चं. तारेचे दोन हात: एक लावून अर्धा मिनिट, परत एक, उतरव.

दाण्याचा सॉस वहिनींचा. शेंगदाणे खमंग भाजून, सालं काढून, जाडसर कूट, चिंच, गूळ, लाल मिरची, नारळाचं दूध. इंडोनेशियात यात केचाप मानिस हा गोड सोया सॉस पडतो, आटवलेला तारेच त्याच्या जागी चमचाभर. कूट जाडसर ठेवणं ही वहिनींची सूचना आणि तिच्यामुळेच सॉस काडीवर टिकला.

पहिल्या मजल्यावरच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. त्याच्यासाठी वेगळी थाळी, वेगळा चिमटा, जाळीचा वेगळा कोपरा, आणि दाण्याचं भांडं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या आईनं स्वतः वाढून घेतलं. हे पुढच्या सर्व वेळी पक्कं ठेवायचं, यजमान कोणीही असो.

पनीर-भोपळी मिरचीची याकितोरी मागणीवरून पुन्हा करावी लागली. काकूंचे पापड मात्र वाऱ्यात भाजता आले नाहीत. उधारी राहिली.

११ मे, शनिवार

जर्कचं वाटण. मूळ गाभा ऑलस्पाइस, तिखटजाळ स्कॉच बॉनेट मिरची आणि थाइम. बॉनेट इथे नाही, साध्या हिरव्या मिरच्या जास्त आणि भोपळी मिरचीचा तुकडा, फळाचा गोडवा यावा म्हणून. ऑलस्पाइसऐवजी लवंग, दालचिनी, जायफळ, मिरे, लवंग बेतानं. थाइमऐवजी ओवा चिमूटभर: दोन्हींत थायमॉल असतं, वास जवळचा येतो. कांद्याची पात, आलं, लसूण, लिंबू, गूळ. हाडासकट तंगड्यांना खोल चिरा देऊन रात्रभर. यातलं लिंबू थोडं आणि मांस जाड, म्हणून सुव्लाकीचा दोन तासांचा नियम इथे लागू नाही.

अर्जेंटिनाच्या चिमिचुरी सॉसला पार्सली लागते. मे महिन्यात मिळाली ती सुकलेली, म्हणून कोथिंबीर घेतली. पण कोथिंबीर मिक्सरला लावली की ती हिरवी चटणी होते, मग सामोसे आणा. सुरीनं बारीक चिरायची, लसूणही चिरलेला, भरपूर व्हिनेगर, तेल, ओरेगॅनो, कुटलेली लाल मिरची. तेल वर तरंगलं पाहिजे.

१२ मे, रविवार

झाकणाचा आज पहिला खरा उपयोग. निखारे एका बाजूला, तंगड्या दुसऱ्या बाजूला, झाकण बंद. जमैकात निखाऱ्यावर पिमेंटोचं, म्हणजे ऑलस्पाइसच्याच झाडाचं लाकूड असतं. आम्ही भिजवलेली तेजपानं आणि दालचिनीचे तुकडे टाकले. वास सुरेख आला, पण तो पिमेंटोचा धूर नव्हे, तेजपानाचाच. पुढच्या खेपेला पेरूच्या वाळल्या फांद्या घालून पाहणार, पिमेंटो आणि पेरू एकाच कुळातले आहेत.

पन्नास मिनिटं झाकणाखाली, शेवटी पाच मिनिटं थेट आचेवर साल कडक करायला. हाडापाशी ७४ च्या बरंच पुढे गेलं तरी मांडीचं मांस कोरडं होत नाही. भाजलेल्या कांद्याच्या जाड चकत्या, मशरूम आणि पनीरवर चिमिचुरी. चिमिचुरी अख्खी संपली, जर्कच्या दोन तंगड्या उरल्या. तिखट. इंदूरवाल्यांनी तिखट म्हणावं म्हणजे बघा.

नऊलाच सगळे खाली उतरले. सकाळी लवकर मतदान आणि मग छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जलेबी, असा बहुतेकांचा बेत.

१६ मे

एकादशीचा प्रश्न होता. वहिनींना वाटत होतं की त्या रविवारी परदेशी काही जमणार नाही, नुसतं माळव्याचं करू. मी कागदावर उपासाला चालणारं सामान लिहिलं: बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा, मिरची. यातलं एकही मूळचं इथलं नाही. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कसावा, सगळे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळापासून इकडे आलेले. आमचं सगळ्यात सोवळं ताट हेच सगळ्यात परदेशी निघालं. वहिनी थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "सासूबाईंना सांगू नका," म्हणाल्या.

तर एकादशीला पेरू.

१९ मे, रविवार, मोहिनी एकादशी

पेरूच्या डोंगराळ भागात वातिया करतात: शेतातल्या मातीच्या ढेकळांची घुमटी रचून आत जाळ करायचा, ढेकळं तापली की बटाटे आत टाकून घुमटी वरून पाडायची. गच्चीवर ढेकळं कुठली! निखाऱ्यांवर राख पसरली, तिच्यात रताळी आणि बटाटे पुरले, वर पुन्हा राख. मध्यम रताळ्याला पाऊण तास, मोठ्याला तासाच्या वर. बोटानं दाबलं की दबलं पाहिजे. फोडल्यावर सालीजवळचा गर मधासारखा झालेला, तिथली साखर जळून तांबूस.

त्यावर ओकोपा, अरेकिपा शहराचा सॉस. मुळात त्यात पिवळी अही मिरची, दाणे, ताजं चीज आणि वाकाताय नावाचा पाला. आमच्या ओकोपात भाजलेले दाणे, ज्वाळेवर भाजलेली हिरवी मिरची, ताजं पनीर, जिरं, दूध, सैंधव. पाला काही घातला नाही, कोथिंबीर उपासाला चालते की नाही यावर दोन मजल्यांत मतभेद होते.

ज्यांना उपास नव्हता त्यांच्यासाठी झाकणाच्या पन्हाळीत गोवऱ्यांचा वेगळा विस्तव आणि बाफले. जाडसर कणकेत तूप, ओवा, हळद, मीठ. गोळे आधी उकळत्या पाण्यात तरंगेपर्यंत शिजवून, निथळून, मग गोवरीच्या निखाऱ्यावर. उकडल्यामुळे आतून मऊ राहतात, बाटीसारखे कडक होत नाहीत. तडकले की तुपात. एका बाफल्यावर मी उरलेली चिमिचुरी घालून पाहिली. डाळीची आठवण येते, पण वाईट नाही. दोन-तीन जणांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

काकूंच्या पापडांची उधारी आज फिटली. साबुदाण्याचे, त्यामुळे त्यांनाही खाता आले.

२२ मे

आवराआवर. हिशेबात ३४० रुपये शिल्लक, ते वेल्डरच्या राख-खिडकीच्या नव्या कडीला. राख कोळशाची वेगळी, गोवरीची वेगळी: गोवरीची कुंड्यांना, कोळशाची थोडीच. राख पूर्ण गार झाल्याशिवाय कचरागाडीत नाही, चोवीस तास पत्र्याच्या डब्यात झाकून.

पुढच्या वर्षासाठी काय ठेवायचं ते वहिनींनी वहीत लिहिलं: कैरीची त्केमाली, चक्क्याचा मका, जाडसर दाण्याचा सॉस, राखेतली रताळी. काय गाळायचं ते मी लिहिलं: मशरूम (जाळीतून खाली पडतात), सोललेले टोमॅटो, आणि पाच वाजता उन्हात उभं राहणं, महावीर जयंती सोडून. नायजेरियाचा सुया राहिला, दाण्याच्या पेंडीचा कोरडा मसाला लावलेल्या मटणाच्या पातळ चकत्या. कोरियाचा बुल्गोगीही राहिला.

जाळ्या तारेच्या ब्रशनं घासून, तेलाचा बोळा फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्याखाली. ड्रमवर झाकण, झाकणावर प्लास्टिक. कोळशाचं अर्धं पोतं वहिनींनी त्यांच्या गॅलरीत ठेवलं आहे. "जुलैत गावठी भुट्टा आला की लागेल," म्हणाल्या, "पावसात कुठे पेटवायचं ते तुम्ही बघा." पार्किंगच्या पत्र्याखाली जागा आहे, पण त्यासाठी आधी ते भांडण मिटायला हवं.